कोठाराच्या चौदा फटी

आमच्या ऑफिसला खिडकी नाही हे मी मुलाखतीच्या दिवशीच पाहिलं होतं, पण त्या दिवशी मला खिडकी नको होती, नोकरी हवी होती. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामात लोखंडी जिना चढून गेलं की माळ्यावर आम्ही अकरा जण बसतो. खाली फरशा आणि बाथरूमचं सामान, वर आम्ही. एसीचं वारं थेट मानेवर येतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना मी भर मे महिन्यात शाल पांघरून काम करते. घरचे हसतात. हसू देत.

आमचं काम सांगितलं तर लोकांना आधी खरंच वाटत नाही. ब्रिटनमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी आम्ही तिथल्या जुन्या इमारतींचे नकाशे काढतो. तिकडे कुणीतरी तिपाईवर लेझरचं यंत्र ठेवून इमारत आतून-बाहेरून मोजतं. त्या मोजणीतून लाखो रंगीत ठिपके मिळतात, आणि ते स्क्रीनवर उघडले की धुक्यात उभी असावी तशी अख्खी इमारत दिसायला लागते. त्या ठिपक्यांवरून आम्ही रेघा ओढायच्या. इमारत तिकडे, मोजणारा तिकडे, पाऊस तिकडे, आणि नकाशा मात्र वाळवंटातल्या माळ्यावर.

त्या वर्षी आमचं सगळं घर माझ्या नोकरीवर उभं होतं. नवऱ्याच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात तोही घरी बसला, आणि तो आणि मुलगी दोघंही माझ्या व्हिसावर आले. माझी नोकरी गेली तर काही आठवड्यांची मुदत, मग तिघांनीही विमानात बसायचं. एरवी बसलोही असतो. पण मुलगी बारावीत होती. बोर्डाचा फॉर्म अल कुसैसच्या शाळेतून भरलेला, परीक्षा मार्चमध्ये. मध्येच उचलून पुण्याला नेली तर तिचं वर्ष गेलं. मार्चपर्यंत आईची नोकरी टिकली पाहिजे, हे वाक्य आमच्या घरात कुणी मोठ्याने म्हणत नसे, पण डबा भरतानाही ते माझ्या डोक्यात असे.

त्याच वर्षी सप्टेंबरात ते कोठार माझ्याकडे आलं. वेल्समधल्या एका टेकडीच्या उतारावरचं जुनं दगडी कोठार. मालक म्हातारा शेतकरी. मुलं शहरात गेलेली, शेती आता होत नाही, म्हणून कोठार दुरुस्त करून सुट्टीला येणाऱ्यांसाठी घर करायचं चाललं होतं. तिथल्या सरकारी खात्याची परवानगी लागते, आणि परवानगीसाठी आज इमारत जशी आहे तसा तंतोतंत नकाशा लागतो. एक दगड इकडचा तिकडे चालत नाही.

खरं सांगायचं तर मी त्या कोठाराच्या प्रेमात पडले. इथे आजूबाजूला सगळं सरळ असतं. दुबईतल्या इमारतींना कोपरा म्हणजे काटकोन, आणि काटकोन नसेल तर तो मुद्दाम केलेला असतो. या कोठारात एकही रेघ सरळ नव्हती. भिंती दीड हात जाड आणि वर जाताना किंचित आत झुकलेल्या. छपराला पाटीच्या दगडाचे पातळ तुकडे, वळचणीला मोठे आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेले. आढं मध्येच पोट सुटल्यासारखं खाली आलेलं. आतल्या तुळया जसं झाड वाकलं तशाच वाकड्या बसवलेल्या, आणि खिळ्यांच्या जागी लाकडी खुंट्या. उताराच्या खालच्या टोकाला गोठा, म्हणजे जनावरांचं मूत आपोआप बाहेर वाहून जावं. किती साधी आणि किती शहाणी माणसं होती ती!

मधोमध समोरासमोर दोन मोठी दारं होती. शेजारच्या टेबलावरच्या मल्याळी मुलीने विचारलं, गाडी आरपार न्यायला का? मी म्हटलं, नाही गं. मधल्या फरशीवर कणसं झोडपायची, दोन्ही दारं उघडायची, वारं आरपार जातं आणि भुसा उडून जातो. आमच्याकडे खळ्यात सूप उंच धरून उफणतात, तेच हे. त्यांच्याकडे पाऊस म्हणून त्यांनी खळं छपराखाली घेतलं. तिला हे सांगताना मला इतका अभिमान वाटला की जणू कोठार आमच्याच घराण्याचं आहे. तो अभिमान पुढे चांगलाच उतरला.

माझे वडील गवंडी होते. वाईच्या बाजूला काळ्या दगडात त्यांनी गोठे बांधले, शाळेच्या भिंती बांधल्या, विहिरींचे कठडे बांधले. ऑफिसात मी ते कंत्राटदार होते असं सांगून ठेवलंय. ते का सांगितलं, मला माहीत नाही, आणि आता फिरवताही येत नाही. तर हे वडील गोठ्याच्या भिंतीत वरच्या बाजूला एक ओळ भोकं ठेवायचे. बाहेरून चार बोटं रुंद, आतून हातभर पसरट. वारं आत यावं, पाऊस येऊ नये, म्हणून. लहानपणी मी दगडावर चढून त्या भोकात तोंड घालून बसायची. आतून शेणाची ऊब यायची आणि कपाळाला वारं लागायचं.

आता माझ्या चुकीबद्दल. आमच्या कामाचे दोन ठरलेले नियम आहेत. इमारतीच्या बाहेरचे ठिपके पुसायचे: झाडं, गवत, कुणाची उभी गाडी. आणि लेझर जिथे पोचत नाही तिथे काळी भोकं उरतात, ती बुजवायची. याला आम्ही पॅचिंग म्हणतो. टेकवून ठेवलेल्या शिडीमागे, गवताच्या भाऱ्यांमागे, अडगळीमागे अशी भोकं पडतातच. मी दिवसाला शंभर बुजवत असेन. हात आपोआप चालतो, डोकं मुलीच्या रसायनशास्त्रात असतं.

त्या कोठाराच्या दोन लांब भिंतींवर उभ्या काळ्या पट्ट्या होत्या. खाली-वर, आलटून पालटून, एका भिंतीला सात आणि दुसऱ्या भिंतीला सात. पुढे गवताचे भारे रचलेले, म्हणून मी त्यांना सावल्या समजले आणि एकेक करत बुजवत गेले. चौदाच्या चौदा. त्यातल्या एका पट्टीत मला हिरवे ठिपके दिसले होते. पलीकडच्या टेकडीचं गवत होतं ते, भिंतीतून दिसणारं. मी ते पाहिलं, बाहेरचं म्हणून पुसलं, आणि त्यावर दगड काढला. हे मला स्पष्ट आठवतं. त्यामुळे मला ते दिसलंच नाही असं मी निदान स्वतःशी तरी म्हणू शकत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी नकाशा गेला. आठवड्याने व्हिडिओ कॉल ठरला. तिकडून आर्किटेक्ट, आणि त्याच्या शेजारी प्रथमच तो म्हातारा शेतकरी. इकडे मी आणि आमचे मॅनेजर. मॅनेजर नाशिकचे, सगळ्यांना सर आणि मॅडम म्हणणारे, स्वभावाने मवाळ. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, हे माझं कोठार नाही.

आर्किटेक्ट हसला. म्हातारा हसला नाही. त्याने बोटाने भिंत दाखवली. इथल्या फटी कुठे गेल्या? गवत पुरतं वाळलेलं नसतं, रचून ठेवलं की आतल्या आत तापतं. वारं मिळालं नाही तर पेटतं. त्याच्या वडिलांच्या काळात एका हिवाळ्यात कुणीतरी थंडी लागते म्हणून फटींमध्ये पोती कोंबली, आणि गवतातून धूर यायला लागला. सगळं कोठार त्या फटींमुळे उभं आहे, म्हणाला. मग मागे वळून बायकोशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, इंग्रजी नव्हे, त्यांच्या घरातल्या भाषेत. मला त्यातला एक शब्द कळला नाही, पण तो तक्रार करत होता हे कळलं. मीही कॉल संपल्यावर अशीच मराठीत करवादते.

मी खाली मान घातली. भिंतीला भोकं का लागतात हे माझ्याइतकं त्या कॉलवर, म्हातारा सोडून, कुणालाच माहीत नव्हतं. आणि ती मीच बुजवली होती.

आर्किटेक्टने विचारलं, हे मोजणीत सुटलं की नकाशात? आमचे मॅनेजर म्हणाले, "वी विल चेक अँड रिव्हर्ट." कॉल बंद झाला. आम्ही दोघांनी मूळ मोजणी उघडली. चौदाही फटी तिथे होत्या. स्वच्छ, कडा धारदार. एकीतून ती हिरवी टेकडी दिसत होती.

मॅनेजर खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसत राहिले.

"मॅडम, नकाशावर चेक्डच्या रकान्यात माझी सही आहे."

"चूक माझी आहे सर. मी सांगते त्यांना."

"सांगून काय होणार? लिस्टेड बिल्डिंग आहे ती, सरकारी यादीतली. ते म्हणतील, ही ऑफिसवाली दगड पण वाचू शकत नाहीत. काम गेलं ना, तर आपण दोघं पहिले." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमची बारावी आहे ना यंदा? घरी?"

"मार्चमध्ये."

"मग? स्कॅन क्लिअर नव्हता म्हणू. ती सर्व्हे करणारी मुलगी फ्रीलान्सर आहे, एक फेरी मारेल परत. तिला काय आहे? इथे आपली घरं आहेत. यल्ला, चला, विषय संपवू."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बसमध्ये अल कुसैसपर्यंत दीड तास मी काच बंद असलेल्या खिडकीशी बसले, बाहेर शेख झायद रोडचे सगळे दिवे लागत होते आणि मला फक्त ती हिरवी टेकडी दिसत होती.

घरी नवरा भाजी परतत होता. नोकरी गेल्यापासून स्वयंपाक तोच करतो, आणि माझ्यापेक्षा बरा करतो, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने गॅस बारीक केला.

"अगं, त्या पोरीला तिच्या देशातून कुणी हाकलणार आहे का? तिचा तो देशच आहे."

"तिची काही चूक नाहीये अहो."

"मी कुठे म्हणतोय चूक आहे म्हणून?" तो म्हणाला. "मी फक्त मार्च म्हणतोय."

एवढ्यात मुलगी पाणी घ्यायला बाहेर आली. आमचे चेहरे बघून म्हणाली, "एव्हरीथिंग ओके?"

"हो गं. तू अभ्यास कर."

"आय ॲम, मम्मा," म्हणत तिने बाटली उचलली आणि दार लावून घेतलं. त्या दाराखालून टेबलच्या दिव्याची पट्टी दिसत होती. मला राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना. नवऱ्याचा नव्हे, मॅनेजरचा नव्हे, मुलीचा तर नव्हेच. या सगळ्यांचं बरोबरच होतं, आणि म्हणूनच मला हलायला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या कॉलला ती मोजणारी मुलगी होती. पंचविशीची असेल. गालांवर थंडीने आलेला लालपणा, डोक्यावर लोकरी टोपी, बहुधा गाडीत बसूनच बोलत होती, कारण मागच्या काचेवर पावसाचे थेंब होते. मॅनेजरांनी मृदू आवाजात सांगितलं की उघड्या जागांची मोजणी पुरेशी स्पष्ट नाही. तिने नवल केलं. मला वाटतं त्या फटी मी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून घेतल्या होत्या, म्हणाली. मग तिने नेमका तो प्रश्न विचारला, आणि तो मॅनेजरना नाही, मला विचारला. नकाशाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याच्या रकान्यात माझी आद्याक्षरं होती, ती तिने वाचली होती.

तुम्हाला मूळ ठिपक्यांत काहीच दिसत नाहीये का?

माझा माइक बंद होता. मी तो सुरू केला. मॅनेजर माझ्याकडे बघत नव्हते, ते पेनचं टोपण काढत आणि लावत होते. माझ्या डोळ्यांपुढे मुलीच्या दाराखालची ती दिव्याची पट्टी आली. आणि म्हणाले, "नो. नॉट क्लिअर."

मग ती म्हणाली, ठीक आहे, मग माझंच काहीतरी चुकलं असणार, उजेड कमी होता त्या दिवशी. उद्या परत जाते. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी तिचे फोटो आले. तिने दोन्ही मोठी दारं लावून, भर दुपारी आत उभं राहून फोटो काढले होते, म्हणजे प्रत्येक फटीतून बाहेरचा उजेड आत येताना दिसावा. आत काळाकुट्ट अंधार आणि चौदा उभ्या उजेडाच्या रेघा. प्रत्येक फटीजवळ, माप कळावं म्हणून, तिने स्वतःचा पंजा धरला होता. हात ओला होता, बोटांना चिखल. शेवटच्या फोटोखाली लिहिलं होतं, तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला, माफ करा.

मी उत्तर लिहिलं: नो प्रॉब्लेम. इथे आम्ही दिवसाला पन्नास वेळा नो प्रॉब्लेम म्हणतो. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, चुकीचं पार्सल आलं तरी. तोच शब्द बोटांतून आपोआप गेला.

मग मी फटी काढायला बसले. इतक्या काळजीने मी आयुष्यात काही काढलं नसेल. बाहेरची चार बोटं, आतली हातभर रुंदी, मध्ये तिरके होत गेलेले दगड, वरचा आडवा दगड, सगळं. तिच्या पंजावरून माप घेतलं. खरं म्हणजे गरज नव्हती, मूळ मोजणीत मिलिमीटरपर्यंत सगळं होतं. तरी मी तिच्या पंजावरून घेतलं.

आमच्याकडे नकाशा बदलला की कोपऱ्यात एक ओळ लिहायची पद्धत आहे: काय बदललं, का बदललं, कुणी बदललं. ती ओळ कधी पुसत नाहीत, पुढच्या प्रत्येक प्रतीवर ती राहते. खात्याच्या कपाटात कोठाराच्या कागदांबरोबर तीही कायमची राहते. मॅनेजर मागे उभे राहून म्हणाले, "मॅडम, लिहून टाका, आफ्टर री-सर्व्हे." मी लिहिलं: पुन्हा केलेल्या मोजणीनंतर वाऱ्याच्या फटी दाखवल्या. पुढे माझी आद्याक्षरं. परवानगी मिळाली. म्हाताऱ्याने निरोप पाठवला की आता हे त्याचं कोठार आहे.

मार्च आला. पेपर झाले. रसायनशास्त्र सोपं गेलं, असं मुलगी म्हणाली. जूनमध्ये ती पुण्याला कॉलेजला गेली, आणि विमानतळावर तिला सोडून परतताना मी टॅक्सीत ठरवलं की आता मला घाबरायला काही कारण उरलेलं नाही. माझा व्हिसा नुकताच पुन्हा दोन वर्षांसाठी लागला होता. नवरा अजून कामाच्या शोधात होता, पण ती भीती वेगळी, ती सोसता येत होती.

त्या मोजणाऱ्या मुलीला मेल लिहायला मी तीन दिवस घेतले. इंग्रजीत चूक कबूल करणं मला नीट येत नाही, आमच्या ऑफिसात तशी वाक्यंच तयार नसतात. शेवटी चार साध्या ओळी लिहिल्या. फटी तुमच्या मोजणीत होत्या. मी त्या पाहिल्या होत्या. मी त्या बुजवल्या, आणि कॉलवर मी खोटं बोलले. तुमचा हात मला आठवतो, हेही लिहिलं, मग ते वाक्य काढलं, मग परत घातलं.

पाठवलं. मिनिटाभरात मेल परत आला. हा पत्ता आता चालू नाही.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या एका बाईला सहज विचारल्यासारखं विचारलं, ती आधीची सर्व्हे करणारी कुठे असते? ती म्हणाली, त्या कोठाराच्या गडबडीनंतर आम्ही मोजणीचं काम मोठ्या कंपनीला दिलं. ती आता काय करते, काही कल्पना नाही.

कोठाराची फाइल अजून माझ्याकडे आहे. कधी जेवणाच्या सुट्टीत उघडते. डब्याचं झाकण लावून, शाल ओढून, तो अंधार आणि त्या चौदा रेघा बघते. म्हाताऱ्याच्या कोठारात वारं खेळतंय, हे मला माहीत आहे. मग नकाशाचा कोपरा मोठा करून ती ओळ वाचते, पुन्हा केलेल्या मोजणीनंतर, आणि तिच्यापुढची आद्याक्षरं माझी असतात.